ने म्हणजे हो

अथेन्सच्या मोनास्तिराकी स्टेशनात मी आणि मावशीनं पिरेअसच्या दोन गाड्या डोळ्यांदेखत सोडल्या. पिरेअस म्हणजे तिथलं बंदर. तिथून आम्हाला एजिना बेटाची बोट धरायची होती. फलाटावर एक आजोबा उभे होते. आलेल्या गाडीकडे बोट दाखवून मी त्यांना विचारलं, "पिरेअस?" ते म्हणाले, "ने." मी मावशीला म्हटलं, "ही नव्हे." आजोबा चढले, गाडी गेली. पाठोपाठ दुसरी आली. या खेपेला बाकावर कुणाची तरी वाट पाहत बसलेल्या एका मुलीला विचारलं. तिनं मोबाइलमधून मान काढली आणि हसून म्हणाली, "ने, ने." एवढं ठासून दोनदा नाही म्हटल्यावर कोण चढणार?

तिसरी गाडी आली तेव्हा मावशीनं कुणाला काही विचारलंच नाही. सांगलीत आयुष्यभर गणित शिकवून ती निवृत्त झाली आहे. ग्रीक भाषेचा गंध नाही, पण अक्षरं सगळी घरातली. गाडीच्या कपाळावरची पाटी तिनं फळ्यावरचं समीकरण वाचावं तशी वाचली. "पाय, एप्सिलॉन, आयोटा, ऱ्हो, अल्फा... अगं, पिरेअसच आहे हे! चढ!"

बोट अर्थातच गेलेली होती. पुढच्या बोटीची वाट बघत धक्क्यावर बसल्यावर मोबाइलनं उलगडा केला. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो. लिहिताना तर अक्षरंही न-आ-इ अशीच, म्हणजे आपल्या 'नाय'ची सख्खी बहीण. उच्चार तेवढा 'ने'. आणि नाही म्हणायचं असेल तर 'ओही'. आता 'ओ' ही आपल्याकडे हाकेला द्यायची गोष्ट. नकाराची सुरुवात कुणी 'ओ'नं करतं का?

बरं, ही माणसं परकी म्हणावीत तर तसंही नाही. आपलं सप्त ते त्यांचं एप्ता, अष्ट ते ओक्तो, दश ते देका. पत्रिकेतलं केंद्र आणि होरा हे शब्द आपण त्यांच्याकडून घेतले. 'दाम' त्यांच्या द्राख्मा या नाण्यातून आला. ग्रीकांना आपल्याकडे पूर्वी यवन म्हणत, आणि कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवर दान देणाऱ्या यवनांची नावं कोरलेली आहेत. त्या यवनांपैकी कुणी मावळातल्या बाजारात भाव ठरवताना 'ने' म्हटलं असेल, तर किती सौदे मोडले असतील कोण जाणे.

दुसरा धडा बेकरीत मिळाला. पालक आणि चीज घातलेली स्पानाकोपिता नावाची पापुद्र्यांची पोळी आम्हाला आवडली होती. काचेमागे ती दिसेना म्हणून गल्ल्यावरच्या बाईंना विचारलं. त्यांनी भुवया वर केल्या, हनुवटी जराशी उचलली, आणि जिभेनं 'च्' असा अगदी बारीक आवाज केला. आपल्याकडे हनुवटी उडवली की अर्थ एकच: "काय?" मला वाटलं, बाईंना ऐकू आलं नाही. मी मोठ्यानं म्हटलं, "स्पानाकोपिता!" पुन्हा भुवया, हनुवटी, च्. मी आणखी मोठ्यानं. मागे रांग. चौथ्या खेपेला बाई नुसत्या भुवया उचलून थांबल्या, हनुवटीचे कष्टही घेतले नाहीत. मावशीनं माझा दंड धरून बाजूला ओढलं. "अगं, संपलीय म्हणतायत त्या. ओरडतेस काय?"

"तुला कसं कळलं?"

"आमचे अण्णा असंच करायचे. सिनेमाला जाऊ का विचारलं की च्च. तोंडातून शब्द काढायचे नाहीत."

अण्णा, म्हणजे माझे आजोबा, आठवले आणि पटलं. 'च्च' हा आपलाही नकार आहेच, फक्त आपल्याकडे त्यात जरा कंटाळा, जरा हळहळ मिसळलेली असते. ग्रीकांच्या 'च्'मध्ये तसलं काही नसतं. नाही म्हणजे नाही, राग नाही, लोभ नाही. आपल्याला हे जड जातं. "बघू", "सांगतो", "तसं काही नाही, पण" अशी आपण नकाराला सतरा लुगडी नेसवतो. आणि पंगतीत तर "नको, नको" म्हणजे "अर्धीच वाढा".

मान वर उडवून नाही म्हणायची ही खोड किती जुनी असावी? ट्रॉयच्या लढाईवरच्या होमरच्या इलियड या महाकाव्यात ती आहे. ट्रॉयच्या बायका अथीनाच्या देवळात जाऊन तिला उंची वस्त्र वाहतात, शहर वाचव म्हणून गाऱ्हाणं घालतात, आणि देवी काय करते? मान वर करते. होमरनं तिथे वापरलेलं क्रियापदच 'मान वर करणे' असं आहे, आणि अर्थ 'नाकारणे'. उलट देवांचा राजा झ्यूस, त्याला हो म्हणायचं असतं तेव्हा तो भुवया खाली झुकवतो, आणि तेवढ्यानं ऑलिंपस पर्वत हादरतो. याच झ्यूसकडे ग्रीकांचा वीर अकिलीस एकदा एका दमात दोन मागणी मागतो: माझ्या मित्राला शत्रूला पिटाळू दे आणि सुखरूप परत येऊ दे. झ्यूस पहिल्या मागणीला होकार देतो, दुसरीला मान वर करतो. मित्र परत येत नाही. बेकरीतल्या बाईंची हनुवटी ही अशी पावणेतीन हजार वर्षांमागून आलेली होती, आणि मी तिच्यावर ओरडत होते.

इटलीतही ही खूण आहे म्हणे, पण सगळीकडे नाही. रोमची माणसं आडवी मान हलवतात. दक्षिणेला नेपल्स आणि सिसिलीत मात्र नकाराला मान वर उडते. ग्रीकांनी इसवी सनापूर्वी आठव्या शतकापासून वसाहती केल्या त्या याच भागात. नेपल्स हे नावच मुळात ग्रीक, नेआपोलिस, नवं शहर. राज्यं गेली, भाषा गेली, हनुवटी राहिली.

पण मानेची खूण दोघांत चालते. हजारो माणसांचं हो-नाही मोजायचं असेल तर काही हातात घेण्याजोगं लागतं. अथेन्सच्या जुन्या चौकातल्या, म्हणजे अगोरातल्या, संग्रहालयात अशा वस्तूंसमोर आम्ही दोन तास घालवले. तिथे काशाच्या छोट्या चकत्या आहेत, मुलांच्या खेळण्यातल्या चाकासारख्या, मधोमध आस. काहींची आस भरीव, काहींची पोकळ. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात खटला ऐकायला बसलेल्या प्रत्येक पंचाला अशा दोन चकत्या मिळत. पोकळ म्हणजे दोषी, भरीव म्हणजे निर्दोष. आस अंगठा आणि तर्जनीमध्ये धरायची, म्हणजे कोणती कुठली ते शेजाऱ्याला दिसत नाही. मोजायची ती काशाच्या भांड्यात टाकायची, उरलेली लाकडी भांड्यात. मावशीनं बोटांत काल्पनिक चकती धरून बघितली. "कॉपी करणाऱ्या पोरांना हे शिकवायला नको," म्हणाली.

त्याच्याही आधी नुसते खडे टाकत. खड्याला शब्द होता प्सेफोस, आणि आजच्या ग्रीकमध्ये मताला प्सिफोसच म्हणतात. आपण खडा टाकून बघतो. ते खडा टाकून निकाल देत.

स्पार्टाचं निराळंच. तिथे वडीलधाऱ्यांच्या मंडळावर कोण जाणार हे आरडाओरड्यावर ठरे. उमेदवार एकेक करून सभेसमोरून जाणार, लोक ओरडणार, आणि शेजारच्या बंद खोलीत बसलेली माणसं, कोण गेलं हे न बघता, कुठल्या क्रमांकाला आवाज मोठा झाला ते लिहून ठेवणार. ॲरिस्टॉटलनं या पद्धतीला पोरकट म्हटलं आहे. आपल्याकडे आवाजी मतदान अजून चालतं, तेव्हा मी गप्प बसते.

मी खरी अडकले ती खापऱ्यांपाशी. अथेन्समध्ये वर्षातून एकदा लोकांना विचारत, यंदा कुणाला हद्दपार करायचं आहे का? हो म्हटलं तर पुढे एक दिवस ठरे, आणि फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर जो नको असेल त्याचं नाव कोरून आणायचं. निदान ६००० खापऱ्या जमल्या पाहिजेत. ज्याच्या नावाच्या जास्त, त्यानं १० दिवसांत गाव सोडायचं, १० वर्षांसाठी. गुन्हा सिद्ध करायची गरज नाही, जमीनजुमला शाबूत, परत आल्यावर नागरिकत्वही शाबूत. फक्त तोंड दाखवू नकोस. कुणावर तरी खापर फोडणं हा आपला वाक्प्रचार. या लोकांनी ते अक्षरशः केलं.

आणि त्यातही हात मारणारे होतेच. ॲक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीसच्या नावाच्या सुमारे १९० खापऱ्या एकगठ्ठा सापडल्या. तपासणाऱ्यांनी अक्षर बघितलं तर लिहिणारे हात फक्त १४! कुणीतरी बसून, चांगल्या वळणदार अक्षरात, घाऊक नकार तयार करून ठेवले होते. ज्यांना लिहिता येत नाही किंवा कंटाळा आला आहे त्यांच्या हातात द्यायला. थेमिस्टोक्लीस म्हणजे सालामिसच्या समुद्रात इराणच्या आरमाराला धूळ चारणारा. दहाएक वर्षांत त्याला गावानं हाकललं, आणि शेवटी तो त्याच इराणच्या राजाच्या पदरी जाऊन राहिला.

"यात बायका कुठे होत्या?" मावशीनं काचेवर नाक टेकवून विचारलं. कुठेच नव्हत्या. बायका नाहीत, गुलाम नाहीत, बाहेरगावाहून येऊन राहिलेले नाहीत. आजी १९५२ साली नऊवारी नेसून मत द्यायला गेली होती, बोटावरची शाई तिनं आठवडाभर जपली, हे मावशीनं मला शंभरदा सांगितलं आहे. ग्रीसमधल्या बायकांना देशाच्या सार्वत्रिक निवडणुकीत मत द्यायला १९५६ उजाडलं. हे कळल्यावर मावशी संग्रहालयातून ताठ मानेनं बाहेर पडली.

नकाराची सुट्टी असलेला देश मला तरी दुसरा ठाऊक नाही. २८ ऑक्टोबर, 'ओही'चा दिवस. शाळेतली मुलं संचलन करतात, निळेपांढरे झेंडे लागतात. १९४० साली त्या तारखेला पहाटे तीनच्या सुमारास इटलीचा राजदूत मेताक्सास या पंतप्रधानाच्या घरी गेला, त्याला झोपेतून उठवलं आणि मुसोलिनीचं फर्मान हातात ठेवलं: आमच्या सैन्याला वाट द्या, नाहीतर लढाई. मेताक्सास नाही म्हणाला. गंमत अशी की तो 'ओही' म्हणालाच नव्हता. बोलणं फ्रेंचमध्ये चाललं होतं, आणि तो म्हणाला, "म्हणजे युद्धच." दुसरी गंमत अशी की हा मेताक्सास हुकूमशहा होता, १९३६ पासून त्यानं देशात कुणाला नाही म्हणायची सोयच ठेवली नव्हती. पण लोकांनी त्याच्या तोंडी 'ओही' घातलं आणि स्वतः निभावलं. बर्फातल्या डोंगरांतून इटलीच्या फौजेला अल्बानियात मागे रेटलं. १९४१च्या एप्रिलमध्ये जर्मन उतरले, आणि पुढच्या हिवाळ्यात अथेन्सच्या रस्त्यांवर माणसं उपाशी मेली. त्या एका शब्दाची किंमत त्याच लोकांनी मोजली, म्हणून सुट्टी त्यांची.

त्यानंतरचा मोठा 'ओही' ५ जुलै २०१५चा. देश कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला, बँका बंद, एटीएममधून माणशी दिवसाला ६० युरो. धनकोंच्या अटी मान्य आहेत का, असं सरकारनं जनतेला विचारलं. मतपत्रिकेवर प्रश्न असा गुंतागुंतीचा की मावशीनं पेपरात असा काढला असता तर पालक मोर्चा घेऊन आले असते. उत्तरांत 'नाही'चा चौकोन वर, 'हो'चा खाली. ६१ टक्क्यांहून जास्त लोकांनी नाही म्हटलं, रात्रभर संसदेसमोर नाचले. आठव्या दिवशी त्याच सरकारनं धनकोंशी करार केला, आणि अटी काही सैल नव्हत्या.

अशा घूमजावाला ग्रीकमध्ये शब्द आहे कोलोतुम्बा. ढुंगणावरून घेतलेली उडी. मावशी उडालीच. "कोलांटी!" म्हणाली. व्युत्पत्तीवाले हसतील, दोन्ही शब्दांचं एकमेकांशी काही नातं नसणार, पण मला त्या एका शब्दानं हो-नाहीचा सगळा दगा फिटल्यासारखं वाटलं.

शेवटच्या रात्री एका छोट्या खानावळीत जेवलो. जेवण झाल्यावर मालकांनी न मागता, बिलात न धरता, गोड आणून ठेवलं. साच्यातून काढलेली तांबूस मूद, वर दालचिनी. मावशीनं चमचा घातला आणि डोळे मोठे केले. "अगं, हा तर शिरा! तुपाऐवजी ऑलिव्हचं तेल आहे, पण रवा छान भाजलाय." दोघींनी मिळून बशी रिकामी केली. मालक लांबूनच बघत होते. जवळ येऊन रिकाम्या बशीकडे बोट दाखवत त्यांनी काहीतरी विचारलं. आणखी आणू का, एवढं कुणालाही कळलं असतं.

दिवसभर चालून दमलेली मावशी सगळं शिकलेलं विसरली आणि तोंडाला आलं ते म्हणाली, "नै, नै, नै!"

मालकांचा चेहरा खुलला. दोन मिनिटांत दुसरी बशी आली, पहिलीपेक्षा मोठी मूद. मी मावशीकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघत भुवया वर केल्या आणि हनुवटी उचलली. ते ग्रीक होतं की मराठी, विचारायला वेळच मिळाला नाही. तिनं चमचा घातला होता.