आमची वाटचाल: ब्रिजवर अडकलो तिथपासून

सुरुवातीला आम्ही दोघंच, मी आणि माझा पार्टनर, काम म्हणजे लोकांचे लिनक्स सर्व्हर सांभाळायचे. नेटवर्कचं ज्ञान एवढंच की नेटवर्क कार्डाला दुसरा आयपी पत्ता हवा असला की आयएफकॉन्फिग कमांडने एक कोलनवालं नाव जोडायचं, झालं.

मग एका क्लायंटला एकाच मशीनवर चार व्हीएम (मशीनच्या आत चालणारे आभासी संगणक) हवे झाले. म्हटलं ब्रिज करू, म्हणजे व्हीएम आणि खरं कार्ड एकत्र जोडणारा सॉफ्टवेअरमधला स्विच, त्यात काय एवढं. रात्री एसएसएचवरून, म्हणजे दुरूनच लॉगिन करून, ब्रिज बनवला, खरं कार्ड त्यात टाकलं, एंटर मारला आणि स्क्रीन थिजली. आयपी राहिला कार्डावर आणि येणारी पॅकेट सगळी ब्रिजच्या हातात, मग कार्डावरच्या आयपीला विचारतंय कोण. डेटा सेंटरला फोन करून मशीन रीस्टार्ट करायला लावलं तर सगळं पहिल्यासारखं, कारण आयपी कमांडने केलेलं काहीच सेव्ह होत नाही.

तेव्हापासून आधी बॅकग्राउंडला पाच मिनिटांनी रीबूटचा टायमर, मगच बदल. नीट झालं तर टायमर रद्द करायचा आणि सेटिंग टिकावं म्हणून नेटवर्कडी या सेवेच्या फाइलमध्ये लिहून टाकायचं. (पार्टनर एकदा टायमर रद्द करायलाच विसरला, भरदुपारी क्लायंटचं मशीन रीबूट, तो किस्सा राहू दे.) नेटप्लॅन या नेटवर्क सेटिंगच्या साधनातलं 'ट्राय' 120 सेकंदात होकार मिळाला नाही तर बदल मागे घेतं, पण ब्रिज आणि बाँडचे (अनेक कार्डं जोडून केलेलं एक) पॅरामीटर त्याला मागे घेता येत नाहीत, म्हणजे नेमकं आमच्याच कामाला कच्चं.

खरा घाम काढला व्हीएक्सलॅनने, म्हणजे एका नेटवर्कची पॅकेट दुसऱ्या पॅकेटात गुंडाळून नेणाऱ्या तंत्राने. दोन सर्व्हरवरचे व्हीएम एकाच नेटवर्कमध्ये आणायचे होते, पिंग जातंय, लॉगिन होतंय, पण मोठी फाइल पाठवली की लटकते. दोन दिवस फायरवॉलला शिव्या घातल्या. शेवटी फ्रॅगमेंट (तुकडे) न करता 1472 बाइटचं पिंग मारलं (वरची 28 बाइटची हेडर धरून 1500), गायब. 1422 चं मारलं, लगेच उत्तर! व्हीएक्सलॅन प्रत्येक पॅकेटवर 50 बाइटचं ओझं चढवतो, त्यामुळे नेहमीच्या 1500 मधून आत 1450 च उरतात आणि आमचे व्हीएम 1500 धरून बसलेले. ब्रिज काही राउटर नाही, मोठं पॅकेट आलं की कुणाला न कळवता टाकून देतो. व्हीएमचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) 1450 केला आणि फाइल गेली. त्या क्लायंटने नंतर बाकीचे सर्व्हरही आमच्याकडेच दिले.

आता आम्ही सात जण आहोत. नवीन कुणी आलं की पहिल्या दिवशी टेस्ट मशीन देतो आणि सांगतो, एसएसएचवरून ब्रिज कर, टायमर न लावता.