चौथं आणि पाचवं बोट

बुधवार, रात्रीचे साडेदहा

संध्याकाळी खालच्या मजल्यावरची मुलगी पेटी शिकायला आली होती. सध्या भूप चालू आहे. ग-प-ध-सां घेताना तिचं मनगट खाली पडतं आणि सूर सुटे सुटे होतात. एरवी मी तिचा हात बाजूला करून दोनदा वाजवून दाखवलं असतं. पण सकाळपासून माझी अनामिका तळव्याकडे वाकून अडकलेली. डाव्या हाताने सरळ केली की टक् आवाज होतो आणि कळ मनगटापर्यंत जाते. डॉक्टर याला ट्रिगर फिंगर म्हणतात. एक इंजेक्शन झालंय, दुसरं पुढच्या आठवड्यात. "काकू, वाजवून दाखवा ना," ती म्हणाली. नाही दाखवता आलं. तोंडानेच सांगत बसले.

ती गेल्यावर अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर ऐकत बसले.

हा माणूस १९२८ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला. शिकवणी खरं तर मोठ्या भावाची होती. भाऊ खेळायला पळाला की हा चार वर्षांचा पोरगा ऐकलेलं सगळं पियानोवर वाजवून बघायचा. नवव्या वर्षी तो आर्टुर श्नाबेल यांच्याकडे इटलीत कोमो तलावाकाठी शिकायला गेला. श्नाबेल लेशेटिट्स्कींचे शिष्य, लेशेटिट्स्की चेर्नींचे आणि चेर्नी खुद्द बेथोवनचे. आपण घराणं म्हणतो ते याहून वेगळं काय असतं? श्नाबेलकडे एक शिकायचा, बाकीचे बसून ऐकायचे, हीसुद्धा आपल्याकडचीच पद्धत वाटते. १९४४ साली, सोळाव्या वर्षी, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर ब्राम्सचा पहिला कॉन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाची एकत्र रचना, वाजवला. १९५२ साली ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत पहिला आला. त्याच्याआधी एकाही अमेरिकन वादकाला तो मान मिळाला नव्हता. मग संचालक जॉर्ज सेल आणि त्यांच्या क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राबरोबरची बेथोवन-ब्राम्सची ध्वनिमुद्रणं. ती मी किती वेळा ऐकली असतील, मोजदाद नाही.

आणि छत्तिशीच्या आसपास उजव्या हाताची चौथी-पाचवी बोटं, म्हणजे अनामिका आणि करंगळी, आपोआप तळव्यात मिटायला लागली. दुखत नव्हतं, फक्त ऐकत नव्हती. याला फोकल डिस्टोनिया म्हणतात हे कळायलाच कित्येक वर्षं गेली. माझ्या बोटात स्नायूची दोरी, म्हणजे कंडरा, अडकते. त्याच्या बोटांत सगळं शाबूत होतं, मेंदूकडून येणारा हुकूमच चुकत होता. ज्या कामासाठी हात आयुष्यभर घडवला, नेमकं तेच काम करताना हाताने साथ सोडायची! १९६५ चा सोव्हिएत दौरा हुकला. जगावंसंच वाटेना, इतका खचला होता तो.

त्याने डाव्या हाताची वाट धरली. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पियानोवादक पॉल विटगेनश्टाइनने फ्रेंच संगीतकार राव्हेलकडून फक्त डाव्या हातासाठी कॉन्चेर्तो लिहून घेतला होता, तो फ्लायशरने जन्मभर वाजवला. बाखच्या व्हायोलिनसाठीच्या शाकोन या रचनेचं ब्राम्सने एकट्या डाव्या हातासाठी केलेलं रूपही. मी पेटीवाली, माझ्या डाव्या हाताने चाळीस वर्षं भाताच मारला. त्यामुळे एकच हात खर्ज, मधले सूर आणि वरची चाल अशी तिन्ही कामं करताना ऐकलं की मी हातातलं काम खाली ठेवते.

मला मात्र आज त्याचं शिकवणं आठवत राहिलं. बाल्टिमोरच्या पीबॉडी संगीतशाळेत तो १९५९ पासून शिकवत होता. आधी विद्यार्थ्याला उठवून स्वतः बसून दाखवायचा. हात मिटल्यावर ते गेलं; स्वरांत नेमकं काय हवंय ते शब्दांत शोधून सांगावं लागलं. त्यामुळे आपण जास्त चांगले शिक्षक झालो, असं तो स्वतःच सांगायचा. पूर्वी मला हे मनाच्या समजुतीचं बोलणं वाटलं होतं. आज नाही वाटलं. मी त्या मुलीला म्हटलं, "पंचम सोडून धैवतावर उडी मारू नकोस, पंचमाला धैवतापर्यंत पोचवून ये." ती थांबली, मान वाकडी करून विचार केला आणि मनगट वर ठेवून वाजवलं. एकदाच जमलं, पण जमलं. वाजवून दाखवलं असतं तर हे वाक्य मला सुचलंच नसतं.

हात परत आला, पण सरळ नाही आला. १९८२ साली बाल्टिमोरच्या नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला तो दोन्ही हातांनी वाजवायला बसला. लोकांनी डोक्यावर घेतलं, त्याला मात्र आतून माहीत होतं की हात अजून आपला नाही. नव्वदच्या दशकात बोटॉक्सची इंजेक्शनं आणि स्नायूंचं खोल मर्दन यांनी बोटं बरीच सुटली. पूर्ण बरा तो कधीच झाला नाही, आणि तसा दावाही त्याने केला नाही. तरी २००४ साली दोन्ही हातांचं ध्वनिमुद्रण आलं. त्याच वर्षी बर्लिनमध्ये त्याने जर्मन संगीतकार हिंडेमिटची एक रचना पहिल्यांदा लोकांपुढे आणली. विटगेनश्टाइनसाठी १९२३ साली लिहिलेली, त्याने कधीच न वाजवलेली आणि ऐंशी वर्षं पडून राहिलेली. तीही डाव्या हाताचीच. २०२० च्या ऑगस्टमध्ये, ९२ व्या वर्षी तो गेला.

आत्ता त्याच २००४ च्या ध्वनिमुद्रणातला शूबर्टचा शेवटचा सोनाटा चालू आहे. सुरुवातीची शांत चाल थांबते आणि अगदी खाली, खर्जात, एक हलकी थरथर उठते. ती डाव्या हाताची आहे. मागे नेऊन तेवढीच तीनदा ऐकली.

शुक्रवारी मुलगी परत येईल. भूपाचा आरोह तोंडी कसा सांगायचा ते वहीच्या मागच्या पानावर लिहायला घेतलंय.