तुम्ही विचारलंत म्हणून: जुना रिसीव्हर कोणता घेऊ?

मरँट्झ घेऊ का पायोनियर, सान्सुई बरा का केनवुड, हे मला कुणी ना कुणी विचारतंच, परभणीत लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेलं माणूस सुद्धा. तर तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो. रिसीव्हर म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच डब्यात असलेला सेट. कंपनी नंतर बघा, आधी बघा त्याच्या आत कुणी हात घातलाय का. पूर्ण बंद पण कधीच न उघडलेला सेट मी चालू असलेल्या, सर्व्हिसिंग केलंय म्हणून विकायला काढलेल्या सेटच्या आधी उचलतो.

कारण सत्तरच्या दशकातल्या त्या सेटमध्ये माल खरंच चांगला घातलाय. अमेरिकेत १९७४ ला नियम आला की घरगुती ॲम्प्लिफायरचे वॉट ठरलेल्या पद्धतीनंच मोजून छापायचे, मग कंपन्यांची चढाओढच लागली, पायोनियरचा एसएक्स-१२५० १९७६ ला एका चॅनलला १६० वॉट द्यायचा आणि ते खरे वॉट बरं का, आपल्याकडं नंतर डब्यांवर हजार-दोन हजार पीएमपीओ, म्हणजे फुगवलेले वॉट, छापून यायचे तसले नाहीत. साध्या घराला तर खरे तीस वॉट पुरून उरतात.

वयानं जे बिघडतं ते बहुतेक दुरुस्त होतं. कपॅसिटर सुकतात, व्हॉल्यूम फिरवला की खरखर येते, स्पीकरच्या रिलेचे पॉइंट काळे पडून एक चॅनल येतो-जातो. कपॅसिटर १०५ डिग्रीवाले टाका, आपल्याकडचा मे महिना आणि आतल्या ट्रान्सफॉर्मरची गरमी दोन्ही सोसायचीय त्याला. देवगिरी एक्सप्रेसनं एकीकडं हैदराबादच्या कोटीतली गुजराती गल्ली, दुसरीकडं मुंबईचा लॅमिंग्टन रोड, सामान मिळून जातं. पण आधीच्या मेकॅनिकनं करून ठेवलेलं निस्तरणं लई अवघड. मी उघडलेल्या एका सेटमध्ये उडालेल्या फ्यूजला तांब्याची तार गुंडाळून ठेवली होती, वरून व्यवस्थित पिळ देऊन. मग पुढचा शॉर्ट फ्यूजवर न थांबता थेट ट्रान्सफॉर्मरपर्यंत गेला, वार्निश जळून काळं झालेलं, आणि तसला ट्रान्सफॉर्मर आता कुठं मिळायचा. पायोनियरच्या एसएक्स-७८० सारख्या सेटमधल्या एसटीके आयसीचंही (स्पीकरला ताकद देणारा तयार भाग) तेच, बाजारात डुप्लिकेट भरलेत, मूळ चालू असेल तर त्याला हात लावू नका.

मागचं लेबल वाचा. जपानमधला सेट १०० व्होल्टचा, अमेरिकेतला १२० चा, आपल्या २३० वर सरळ लावला की गेला. व्होल्टेज कमी करणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. शिवाय त्या जुन्या जपानी सेटचं एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झ, आपलं ८८ ते १०८, म्हणजे त्याच्यावर आपलं स्टेशन जवळपास लागतच नाही. आखातातून कुणी आणलेला, मागं व्होल्टेज बदलायची खटकी असलेला सेट मिळाला तर सोडू नका, फक्त खटकी कुठं आहे ते बघूनच पिन लावा.

आणि पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवरच करा, म्हणजे सेटला जाणारी लाईट आधी एका बल्बमधून जाईल असा बोर्ड. शंभर वॉटचा जुना तारेचा बल्ब, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर भक्कन पेटून मंद झाला तर निम्मी काळजी मिटली, तसाच पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. तो मंद झाला आणि थोड्या वेळानं रिलेचा टक असा आवाज आला की मला अजूनही फार आनंद होतो, खरं सांगतो. तरी स्पीकर लगेच जोडायचे नाहीत, मीटरनं स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टेज बघायचं, पन्नास मिलिव्होल्टच्या आत पाहिजे.

डायलची काच आतून स्पिरिटनं पुसू नका, आकडे आतल्या बाजूनं छापलेले असतात, एका फडक्यात निघून जातात आणि परत कुणी छापून देत नाही. कोरडा मऊ ब्रश मारा, बास.

उन्हाळ्यात शेतातल्या मोटारी चालू झाल्या की आमच्याकडं व्होल्टेज खाली-वर होतं, गावाकडं ऐकणार असाल तर स्टॅबिलायझरचे पैसे बाजूला काढा. आणि सगळं बजेट रिसीव्हरवर घालू नका, स्पीकरला राहू द्या, आठ ओहमचे बघा. सेटला स्पीकरच्या ए आणि बी अशा दोन्ही जोड्या लावून एकदम चालवणार असाल तर चार ओहमचे बहुतेक सेटना झेपत नाहीत.