शेगावची दर्शनबारी

देवस्थानाहून परतलेल्याला "दर्शन कसं झालं?" विचारलं, की तो बहुधा आधी रांगेचंच सांगतो: ढकलाढकली झाली, डोकं टेकायच्या आत पुढे सरकवलं. शेगावहून आलेले मात्र तिथल्या माणसांबद्दल भरभरून बोलतात. म्हणून मी आईला घेऊन गेले.

मुंबई-हावडा मार्गावर, बुलढाणा जिल्ह्यात शेगाव स्टेशन लागतं. गजानन महाराज इथे १८७८ मध्ये प्रकटले, १९१० मध्ये ऋषिपंचमीला त्यांनी समाधी घेतली. वर राममंदिर आणि खाली भुयारात समाधी. म्हणजे पायऱ्या आल्याच, आणि आईचे गुडघे दुखरे.

पहिल्या पायरीशी ती अडखळली. पांढऱ्या पोशाखातल्या सेवेकऱ्याने आपला हात आडवा धरला. "धरा माऊली, सावकाश उतरा. घाई नाही." मागच्या सेवेकऱ्याने नुसता तळहात दाखवला आणि रांग थांबली. कुणी कुरकुरलं नाही. समाधीपुढे तिला नीट वाकता आलं, खांद्याला धरून कुणी ओढलं नाही. पैसे भरून पुढे जायची वेगळी रांगही मला दिसली नाही. माझ्या मते निम्मं समाधान त्यातच होतं, कारण शेजारून कुणी पुढे निघून गेलं की तासभर उभं राहिलेल्याची भक्तीही कडवट होते.

रांग आमचीही लांब होती. पण ती हलत राहते आणि दर वळणावर कुणीतरी पुढचं सांगतं, त्यामुळे ताटकळल्यासारखं वाटत नाही.

हे सेवेकरी पगारी नव्हेत. गावोगावचे लोक पाळीपाळीने सेवेला येतात, नंबर लागावा म्हणून वाट पाहतात. आमच्याशी बोललेले काका शेतकरी होते, पेरणी उरकून आलेले. शिवशंकरभाऊ पाटलांनी अनेक दशकं इथला कारभार पाहिला, त्याला वळण लावलं. २०२१ मध्ये ते गेले, शिस्त मात्र टिकली आहे. मला याचं फार मोल वाटतं.

एक गोष्ट खटकली. भक्तनिवासात खोली मिळेल की नाही, हे खिडकीशी नंबर येईपर्यंत कळेना. दुरून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना ते जड जातं. निदान किती खोल्या शिल्लक आहेत याचा फलक बाहेर हवा.

वयस्कर मंडळी बरोबर असतील तर गुरुवार, सुट्ट्या आणि प्रकटदिन टाळा, आणि खोलीसाठी सकाळीच पोहोचा.