लॅरमीला अडकलो आणि ट्रकच्या स्लीपरचा हीटर पेटेना

जानेवारीत ओमाहाहून ट्रकमध्ये माल भरून आय-८० या अमेरिकेतल्या महामार्गाने सॉल्ट लेक सिटीला निघालो. नेब्रास्कात काही विशेष घडलं नाही. पुढे वायोमिंगमधलं शायेन सोडलं की मात्र चढ लागतो आणि शर्मन समिटला तुम्ही ८,६४० फुटांवर असता, या अख्ख्या महामार्गावरची सगळ्यात उंच जागा. तिथून उतरून लॅरमी गाठलं तर पुढे एल्क माउंटनजवळ वाऱ्यामुळे रस्ता बंद. हिवाळ्यात हे ठरलेलंच आहे. १९७० साली हा पट्टा खुला होण्याआधीच इथल्या लोकांनी वाऱ्याबद्दल बजावलं होतं. जुना रस्ता मेडिसिन बोवरून वळसा घालून जातो, तो उगाच नव्हे.

ट्रक स्टॉपवर जागा मिळाली. बाहेर उणे २४ सेल्सिअस. स्लीपरमध्ये, म्हणजे केबिनमागच्या झोपायच्या जागेत, बंकखालचा (झोपायच्या फळीखालचा) डिझेल हीटर लावला, पंखा फिरला, पण हवा गारच. काही मिनिटांत हीटर बंद पडून दिवा लुकलुकायला लागला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावला नाही, हे बरं केलं. सारखं चालू-बंद केलं तर न जळलेलं डिझेल आत साचतं आणि काही प्रयत्नांनंतर हीटर स्वतःला कुलूप लावून घेतो, म्हणजे सुरूच होत नाही.

ती रात्र इंजिन चालू ठेवून काढली. स्लीपरमध्ये दुसराही हीटर असतो, तो इंजिनच्या गरम कूलंटवर (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवावर) चालतो. (तोच गार हवा देत असेल तर त्याच्या दोन्ही नळ्या हाताने चाचपा. एक गरम, एक गार असेल तर व्हॉल्व्ह बंद आहे किंवा आतली जाळी तुंबली आहे.) पण नुसतं इंजिन चालू ठेवायला तासाला साधारण ३ लिटर डिझेल जातं. छोटा डिझेल हीटर पूर्ण जोरात चालला तरी पाव लिटरच्या आसपास घेतो.

सकाळी आमच्या काकांना फोन लावला. त्यांची हयात ट्रकवर गेली आहे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "धूर दिसतो का रे?"

मी खाली वाकून पाहिलं. हीटरच्या धुराच्या नळीतून पांढरा धूर येत होता.

"मग डिझेल पोचतंय, पेट घेत नाहीये. पंप उघडू नकोस. व्होल्टेज बघ, पण हीटरपाशी बघ, बॅटरीपाशी नको."

त्या एका वाक्याने माझा अर्धा दिवस वाचला. मी डिझेल गोठलं असं धरून चाललो होतो. तसं असतं तर धूरच आला नसता. छोट्या पंपाची टिकटिक ऐकू येते आणि धूर नाही, तेव्हा फिल्टर आणि नळी तपासायची. टिकटिकही नसेल तर फ्यूज आणि वायर.

बॅटरीवर १२.५ व्होल्ट होते. हीटरच्या जोडणीवर मीटर लावून हीटर सुरू केला आणि आकडा १०.२ वर आला. ग्लो पिन (डिझेल पेटवणारी तापती कांडी) तापताना ८-१० अँपियर ओढते, साडेदहाच्या खाली हीटर हार मानतो. म्हणजे वाटेत वायरीत कुठेतरी व्होल्टेज पडतंय. फ्यूज काढून अर्थिंगची वायर सोडली तर लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) हिरवा पडलेला. रस्त्यावरच्या मिठाने हेच होतं. सँडपेपरने घासला, बोल्ट आवळला, फ्यूजचा होल्डरही साफ केला. आता ११.९. तिसऱ्या मिनिटाला गरम हवा आली, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं म्हटलं तरी चालेल.

पण धूर आता काळा होता. लॅरमी २,१०० मीटरच्या वर आहे. हवा विरळ, डिझेल तेवढंच, म्हणून काजळी धरते. उंचीसाठी जुळवून घेणारा हीटर नसेल तर इथे तो रात्रभर मंद ठेवू नका. झोपण्याआधी वीसेक मिनिटं पूर्ण जोरात चालवा. बंद करताना पंखा काही मिनिटं फिरत राहतो, तेवढ्यात बॅटरीचा मुख्य स्विच पाडू नका.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: कार्बन मोनॉक्साइडचा (धुरातल्या विषारी वायूचा) अलार्म नसेल तर हीटर लावून झोपू नका. वाऱ्याने ट्रकखाली बर्फ साचतो आणि धुराची नळी बुजते. मी रात्री दोनदा उठून ती मोकळी केली.

दुसऱ्या दिवशी बंद महामार्गाचं फाटक उघडलं. सॉल्ट लेकला हीटर उघडून घेतला, ग्लो पिनभोवतीची जाळी काजळीने जवळजवळ बंद झाली होती. ती बदलली. आता एक जास्तीची जाळी, मीटर आणि सँडपेपर बंकखालच्या कप्प्यातच असतात.