तोमार: टेम्पलरांचा गड आणि आपल्या किनाऱ्याची सनद

पोर्तुगालला जाणारी आपली मंडळी लिस्बन, सिंत्रा, पोर्तू आणि जमलंच तर फातिमा करून परततात. फातिमाच्या जवळच असलेलं तोमार बहुतेकांच्या यादीत नसतं. माझ्या यादीत ते आलं जुन्या गोव्यातल्या एका दारामुळे. तिथलं सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च सतराव्या शतकात नव्याने बांधलं, पण आधीच्या चर्चचं दार तेवढं जागेवर ठेवलं. पांढऱ्या दर्शनी भिंतीत ते दार वेगळं उठून दिसतं, आणि त्यावर खलाशांचे खगोल, म्हणजे आकाश दाखवणारे कड्यांचे गोल, कोरलेले आहेत. ही पोर्तुगालच्या राजा मान्युएलच्या काळातली शैली. तिचं सगळ्यात बेफाम रूप पाहायचं तर तोमारला जावं लागतं, एवढं वाचून ठेवलं होतं.

लिस्बनच्या सांता अपोलोनिया स्टेशनवरून सुटणारी गाडी साधारण दोन तास घेते. सुरुवातीला बराच वेळ उजव्या हाताला तेजो नदी सोबत करते, मग एंत्रोंकामेंतू हे जंक्शन येतं, आणि तिथून पुढे फाटा थेट तोमारला जाऊन संपतो. गाव लहान. मधून नबाँव नदी वाहते. मुख्य चौकात गुआल्दिम पाइशचा पुतळा उभा आहे, आणि त्याच्या मागच्या टेकडीवर त्यानेच बांधायला घेतलेला गड.

हा गुआल्दिम पाइश टेम्पलर होता. टेम्पलर म्हणजे लढणारे साधू. पहिल्या धर्मयुद्धात जेरुसलेम घेतल्यावर, साधारण १११९ मध्ये, तिकडे येणाऱ्या यात्रेकरूंच्या रक्षणासाठी काही फ्रेंच सरदारांनी ही संघटना काढली. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी साधूंची तिन्ही व्रतं घ्यायची आणि वर चिलखत घालून घोड्यावर बसायचं. दहा वर्षांत चर्चने या प्रकाराला रीतसर मान्यता दिली. पोर्तुगाल तेव्हा राज्य म्हणून घडत होता आणि दक्षिणेकडे मूर, म्हणजे मुस्लिम, राजवटी होत्या. जेरुसलेमपर्यंत जायची गरजच नव्हती, सरहद्द दारातच होती. टेम्पलरांना इथे भराभर जमिनी आणि गढ्या इनाम मिळाल्या. गुआल्दिम स्वतः काही वर्षं पॅलेस्टाइनमध्ये लढून आला आणि ११६० मध्ये त्याने तोमारच्या गडाचं काम सुरू केलं.

चौकातून चढण पंधरा-वीस मिनिटांची आहे. किल्ल्यांची आवड असलेल्यांनी आत शिरण्याआधी तटाचा पाया जरूर पाहावा. भिंत सरळ खाली न येता तळाशी बाहेरच्या बाजूला उतरती होत जाते. शिडी लावायला नीट आधार मिळू नये आणि तटाखाली सुरुंग खणणं अवघड जावं, यासाठी ही रचना. गुआल्दिम ही विद्या पूर्वेकडून घेऊन आला असं मानतात. ती उपयोगीही पडली. ११९० मध्ये अल्मोहाद खलिफा याकूब अल-मन्सूर तोमारवर चालून आला, त्याच्या फौजेने बाहेरचा दरवाजा फोडला, पण गड पडला नाही. त्या दरवाज्याला आजही रक्ताचा दरवाजा म्हणतात.

आत मठात शिरलं की शारोला लागते. टेम्पलरांचं हे देवघर बाहेरून सोळा बाजूंचं आहे, आणि त्याच्या पोटात आठ खांबांवर उभा असलेला उंच अष्टकोनी गाभारा. जेरुसलेमच्या पवित्र थडग्याच्या चर्चची आठवण ठेवून ही गोल रचना केलेली. टेम्पलर घोड्यावर बसूनच गाभाऱ्याभोवती फिरत प्रार्थना ऐकत, ही गोष्ट सगळे गाइड सांगतात. पुरावा काही नाही. तरी तिथल्या रुंद प्रदक्षिणामार्गावर उभं राहिलं की गोष्ट का सुचली असेल ते कळतं. बाकी डोळ्यांत भरणारं रंगकाम, सोनेरी मुलामा आणि भिंतीवरची चित्रं टेम्पलरांच्या काळची नाहीत, तो सगळा थाट सोळाव्या शतकातला.

मधल्या काळात टेम्पलर संपले होते. १३ ऑक्टोबर १३०७ या शुक्रवारी फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने राज्यभरातल्या टेम्पलरांना एकाच वेळी पकडलं. आरोप पाखंडाचे होते, पण राजा कर्जात होता आणि टेम्पलरांकडे पैसा होता, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. १३१२ मध्ये पोप पाचव्या क्लेमेंटने संघटनाच मोडीत काढली, १३१४ मध्ये शेवटचा प्रमुख जाक द मोले याला पॅरिसमध्ये जिवंत जाळलं. टेम्पलरांची मालमत्ता हॉस्पिटलर या दुसऱ्या लढाऊ संघटनेकडे जावी असं पोपचं फर्मान होतं.

पोर्तुगालचा राजा दिनिश याला हे मुळीच परवडणारं नव्हतं. एवढ्या गढ्या आणि जमिनी अशा संघटनेच्या हाती गेल्या असत्या जिचा धनी देशाबाहेर बसतो. त्याने युक्तिवाद केला की या जमिनी मुळात राजघराण्याने दिलेल्या, तेव्हा त्या परत राजाकडेच यायला हव्यात. मग पोपशी अनेक वर्षं घासाघीस करून १३१९ मध्ये त्याने नवी संघटना मंजूर करून घेतली: ऑर्डर ऑफ क्राइस्ट. जमिनी त्याच, गढ्या त्याच, आणि माणसंही बरीचशी तीच. नवं ठाणं आधी दक्षिणेच्या सरहद्दीवर कास्त्रू मारींला होतं, १३५७ मध्ये ते तोमारला परत आलं. टेम्पलरांवर गुप्त खजिन्याच्या कथा रचणारे भरपूर आहेत. मला त्या सगळ्यांपेक्षा दिनिशचा हा कागदी डाव जास्त रंजक वाटतो, कारण खजिना गुप्त नव्हताच. तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाटी बदलून जागेवर राहिला.

आणि त्याच खजिन्यातून पुढे जहाजं निघाली. १४२० मध्ये राजपुत्र हेन्री या ऑर्डरचा प्रशासक झाला. गडावर त्याच्या वाड्याचे अवशेष आहेत आणि मठातली दोन चौकबंद अंगणं त्याच्या काळातली. एकात संघटनेतल्या लोकांना पुरायचे, दुसऱ्यात कपडे धुवायचे. ऑर्डरच्या उत्पन्नातून हेन्रीने आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोहिमा पाठवल्या, आणि परत आलेल्या मालात माणसंही होती. १४४४ मध्ये दक्षिणेकडच्या लागुश बंदरात २३५ बंदिवान उतरवून त्यांची वाटणी झाली, तेव्हा हेन्री घोड्यावर बसून ती पाहत होता. देवाच्या नावाने निघालेल्या संघटनेच्या हिशेबात हेही धरायला हवं. पर्यटकांना सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत शोधमोहिमांचं कौतुक ओसंडून वाहतं, लागुशचा घाट त्यात क्वचितच येतो.

आता आपल्याकडच्या वाचकांसाठी महत्त्वाची गोष्ट. १४५६ मध्ये पोप तिसऱ्या कॅलिक्स्टसने ऑर्डर ऑफ क्राइस्टला एक सनद दिली. आफ्रिकेच्या बोजादोर भूशिरापासून पुढे थेट हिंदी लोकांच्या मुलखापर्यंत पोर्तुगीजांनी मिळवलेल्या आणि मिळवतील त्या प्रदेशांत धार्मिक अधिकार या ऑर्डरचा. १४५६! वास्को द गामा कालिकतला पोहोचायला अजून ४२ वर्षं होती. गोवा तेव्हा विजयनगरकडे होता, महमूद गावानने तो बहमनी राज्यासाठी घेतला तो १४७२ मध्ये. म्हणजे ज्या किनाऱ्याचं एकही बंदर कुठल्या पोर्तुगीज जहाजाने पाहिलं नव्हतं, तिथला धर्माधिकार पोर्तुगालमधल्या एका टेकडीच्या नावावर आधीच लागलेला होता. आपल्याकडे जिंकायच्या मुलखाच्या सनदा बादशाह आधीच देऊन ठेवत, त्यातलाच हा प्रकार.

मान्युएल आधी या ऑर्डरचा प्रमुख झाला आणि मग, १४९५ मध्ये, राजा. दोन्ही गाद्या एका माणसाकडे आल्या आणि वर भारताची वाट उघडली. मिऱ्यांचा पैसा कुठे गेला असा प्रश्न पडत असेल, तर त्यातला थोडा तोमारच्या एका खिडकीत गेला.

ही खिडकी शारोलेला जोडून बांधलेल्या नव्या भागाच्या पश्चिम भिंतीवर आहे. दिओगू द आरुदा या स्थपतीने १५१० ते १५१३ या काळात ते काम केलं. एका लहान अंगणाच्या गच्चीवरून ती समोरासमोर दिसते. जाडजूड दोरखंड, त्यांच्या गाठी, साखळ्या, पोवळी, समुद्री शेवाळ, जाळ्यांना लावतात तसे बुचाचे गोळे, सगळं दगडात. तळाशी एक दाढीवाला म्हातारा झाडाची मुळं खांद्यावर पेलतो आहे, वर राजाचे खगोल, आणि सगळ्यांच्या माथ्यावर ऑर्डरचा क्रूस. सुंदर आहे का? मला पहिल्या क्षणी ती अतीच वाटली. पण तिथून हलावंसंही वाटेना. माल उतरवणाऱ्या बंदरावरचा सगळा पसारा कुणीतरी भिंतीवर फेकावा आणि तो तिथेच चिकटून राहावा, तशी ती दिसते. गोव्यातलं दार हिची फार संयमी धाकटी बहीण म्हणायला हवी.

ऑर्डरचा लाल क्रूस गामाच्या जहाजांच्या शिडांवर होता. गामा स्वतः मात्र सांतियागू या वेगळ्या लढाऊ ऑर्डरचा. भारताच्या सफरीबद्दल त्याला आपलं जन्मगाव सिनिश जहागिरीत हवं होतं. राजाने कबूलही केलं. पण सिनिश सांतियागू ऑर्डरच्या मालकीचं, आणि तिच्या प्रमुखाने ते सोडायला साफ नकार दिला. वाद इतका चिघळला की १५०७ मध्ये गामाला गावच सोडावं लागलं. त्याच साली तो राजाच्या ऑर्डर ऑफ क्राइस्टमध्ये आला. हिंदी महासागर ओलांडणाऱ्या माणसाला आपल्या गावचं वतन काही मिळालं नाही. १५१० मध्ये गोवा घेणारा अल्बुकर्कसुद्धा सांतियागूचाच सरदार होता.

तोवर ही संघटना साधूंची उरली नव्हती. १४९६ मध्येच पोप सहाव्या अलेक्झांडरने तिच्या सरदारांना लग्नाची मुभा दिली होती. ऑर्डरचा झगा मिळणं म्हणजे मानमरातब आणि उत्पन्नाची सोय. म्हणून १५२९ मध्ये राजा तिसऱ्या जुआंवने उलटं टोक गाठलं आणि तोमारच्या गडावर राहणाऱ्यांना पुन्हा कडक शिस्तीचे, बंद दाराआडचे संन्यासी केलं. मठाचा मोठा विस्तार त्यानंतरचा: लांबच लांब मार्गिकांच्या दुतर्फा खोल्या, भोजनगृह, स्वयंपाकघर, आणि गरिबांना पाव वाटण्यासाठी राखलेलं एक अंगण. १५५१ मध्ये पोपने क्राइस्ट, सांतियागू आणि आविश या तिन्ही ऑर्डरींचं प्रमुखपद पोर्तुगालच्या राजमुकुटाला कायमचं जोडून टाकलं, आणि लढाऊ साधूंची स्वतंत्र सत्ता कागदावरही संपली.

एप्रिल १५८१ मध्ये स्पेनच्या दुसऱ्या फिलिपला पोर्तुगालचा राजा म्हणून मान्यता मिळाली तीही तोमारलाच. गोवा, वसई, चौल हे सगळं १६४० पर्यंत स्पेनच्या राजाच्या छत्राखाली होतं, त्याची सुरुवात या गडावर झाली. मठाला पाणी आणणारी पेगोंइशची कमानदार पाटही फिलिपच्या काळात सुरू झाली. सुमारे ६ किलोमीटरची आहे. उन्हाळ्यात टोपी आणि पाणी घेऊनच जा.

१८३४ मध्ये पोर्तुगालने सगळे मठ बंद केले, १९८३ मध्ये तोमार जागतिक वारसा झालं. ऑर्डर ऑफ क्राइस्ट आता सरकारी सन्मान म्हणून शिल्लक आहे. तिचा क्रूस पोर्तुगीज हवाई दलाच्या विमानांवर असतो आणि फुटबॉल संघाच्या बोधचिन्हातही, त्यामुळे रोनाल्डोच्या छातीवर तो आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे.

बसने आलेले लोक गड पाहून निघून जातात. तुम्ही मात्र नदी ओलांडून सांता मारिया दु ओलिव्हालपर्यंत चालत जा. साधं, बसकं चर्च. आत जायला काही पायऱ्या खाली उतरावं लागतं. गुआल्दिम पाइश इथेच पुरला आहे. सनदेने मिळालेला सारा परदेशी धर्माधिकार तोमारच्या व्हिकारकडे, म्हणजे तिथल्या मुख्य धर्मगुरूकडे, असे आणि त्याचं चर्च हे. पोर्तुगीजांच्या समुद्रापारच्या सगळ्या चर्चांची ही आई मानली जात असे. १५१४ मध्ये मदैरा बेटावर फुंशालला बिशप नेमला आणि हा अधिकार तिकडे गेला, १५३४ मध्ये गोव्याला स्वतःचं बिशपपद मंजूर झालं. पण १५१० नंतरची पहिली काही वर्षं गोव्यातल्या नव्या चर्चची वरिष्ठ कचेरी म्हणजे हा ओलसर हॉल. जुन्या गोव्यातल्या भव्य चर्चांपुढे तो इतका किरकोळ वाटतो की मला हसूच आलं.

खायचं म्हणाल तर फातियाश द तोमार घ्या. अंड्यांचा फक्त पिवळा बलक खूप वेळ फेटून, खास भांड्यात वाफवून, त्याचे काप करून साखरेच्या पाकात उकळतात. बेबिंका आवडणाऱ्यांना आवडेल, गोड मात्र जपून. आणि तारखा जुळवता येत असतील तर ताबुलैरूश उत्सवाच्या वेळी जा. तो दर ४ वर्षांनी असतो, मागचा २०२३ मध्ये झाला, म्हणजे पुढचा २०२७ च्या जुलैत. पांढऱ्या वेशातल्या मुली स्वतःच्या उंचीएवढा पावांचा आणि कागदी फुलांचा मनोरा डोक्यावर घेऊन मिरवणुकीने चालतात. एका मनोऱ्यात ३० पाव असतात, आणि टोकाला कबूतर किंवा ऑर्डरचा क्रूस. त्या दिवसांत गावात खोली मिळणं अवघड, तेव्हा आधीच घेऊन ठेवा किंवा लिस्बनहून सकाळच्या गाडीने या.