गोट्याची वही : सहावा आठवडा

आमच्या बोक्याच्या या वहीत या आठवड्यात एक रकाना वाढवला : 'तोंड कुठे', म्हणजे ओरडताना तो कुठे बघतो. आतापर्यंत मी फक्त गोट्याचं म्याव लिहीत होते. लांब, तुटक, खालच्या सुरातलं. पानं भरली, पण अर्थ लागेना. तेच लांब म्याव कधी जेवणासाठी, कधी दार उघडून घेण्यासाठी.

मंगळवारी दुपारी कोडं सुटलं. नवतपा सुरू, पारा ४५ च्या वर. गोट्या कूलरपाशी उभा राहून ओरडत होता. मी वाटीत कॅट फूड टाकलं, त्यानं हुंगलंही नाही. कूलरकडे बघायचा, मग माझ्याकडे, परत कूलरकडे. आई माठातून पाणी घेत होती. म्हणाली, "त्याले भूक नाही वं, तहान लागली. त्याच्या पाण्यात बोट घालून पाय बरं."

घातलं. बाल्कनीतल्या स्टीलच्या वाटीतलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं! आणि कूलरच्या टाकीखाली थेंब थेंब गळत होतं. बिचारा तेच दाखवत होता. मातीच्या परळात माठातलं पाणी दिलं, तर कान मागे टाकून, मध्ये एकदाही मान वर न करता पीत राहिला. मला फार वाईट वाटलं. किती दुपारी हे असंच चाललं असेल?

आवाजाचा रकाना मात्र मी बंद करणार नाही. २००९ मध्ये ससेक्स विद्यापीठातल्या कॅरेन मॅकोम्ब यांच्या गटानं दाखवलं, की काही मांजरं खाणं मागताना घुरघुरीत बाळाच्या रडण्यासारखा उंच सूर मिसळतात. मांजर न पाळलेल्यांनाही त्यातली निकड कळते. गोट्याची पहाटे पाचची, उशीजवळची घुरघुर अगदी तशीच आहे. दुपारी मांडीवरची वेगळी, जाड आणि संथ.

बोके पाळणाऱ्यांनी एक नोंद कधीच उद्यावर टाकू नये. बोका सारखा शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कण्हतोय आणि लघवी होत नाही, तर तडक डॉक्टरांकडे न्या. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एका-दोन दिवसांत जिवावर बेततं.

परळ आता आतल्या खोलीत, खाण्यापासून लांब ठेवलाय. पुढचा आठवडाभर आईही वेगळी वही लिहिणार आहे, माझी न बघता. रविवारी दोन्ही ताडून पाहू.